आतल्या पोटाचा घास

६ मे, मंगळवार. लातूर
वजन ११८. डॉ.समोरची खुर्ची दोन्हीकडून हातांची, मी मावेना, म्हणून सगळं उभ्यानंच ऐकलं. वजन उतरवायची ऑपरेशनं दोन. स्लीव्ह: पोटाचा मोठा भाग कापून बाहेर, परत बसवता येत नाही. बायपास: वर छोटीशी पिशवी करून ती आतड्याला जोडायची, बाकीचं पोट आतच. त्यात अन्न कधीच जात नाही. गळती, रक्तस्राव दोन्हींत होऊ शकतो, क्वचित. माझी शुगर आणि छातीतली जळजळ बघून डॉ. म्हणाले, बायपास बरी. स्लीव्हनं जळजळ वाढू शकते. पण बायपासला जन्मभर गोळ्या चुकवून चालत नाही. ऑपरेशन २६ ला. कोणतं, ते मी ठरवायचं.
हे म्हणाले, "तुझ्या ताईचं बायपासनं चांगलं झालं की. तेच कर." ताईचं नांदेडला झालं, दोन वर्षं झाली. जाऊन बघते एकदा.

११ मे, रविवार. नांदेड
दारात ताईला ओळखलं ते आवाजावरून. अर्धी झालीय. हेवा वाटला, खरं लिहायचं तर फार.
जेवायला बसलो. आमच्या माहेरची रीत, जो जेवायला पोचला नाही त्याच्या नावानं एक घास ताटाबाहेर काढायचा. आई शिकवून गेली. ताईनं काढला. दाजी समोर, दोन्ही लेकी समोर, मी शेजारी. न आलेलं कुणीच नव्हतं.
"कुणाचा गं?"
तिनं पोटावर हात ठेवला. "तिचा. जुनी मी. आत हाय ना ती. दोन साल झालं, उपाशी हाय."
मी हसले. ती हसली नाही.
चार घासांत तिचं ताट सारून झालं. आम्ही पान लावत बसलो होतो तेव्हा तिच्या पोटातून आवाज आला. लांब, खालून वर येणारा.
"ऐकलंस? मी न्हाई ती. माझं पोट भरलंय."

१२ मे, सोमवार
लातूरला परत. डॉ.ना फोन केला. म्हणाले, आतलं पोट जिवंतच असतं, त्याचे रस तयार होत राहतात. आवाज आतड्यांचा. घाबरण्यासारखं काही नाही. 'जिवंत' किती सहज म्हणाले.
आजपासून ऑपरेशनपर्यंत फक्त पातळ. लिव्हर लहान व्हावं म्हणून.

१६ मे, शुक्रवार
ताक, वरणाचं पाणी, प्रोटीनची ती चिकट पावडर. यांच्यावर उगाच खेकसतेय. यांनी कांदा परतला तर रडू आलं.
स्लीव्हच. कापा, घेऊन जा, आत कुणाला ठेवू नका. कापलेलं कुठं जातं विचारलं. तपासणीला, मग जाळतात.
दुपारी जळजळ घशापर्यंत. ती वाढली तर पुढं बायपासच करावी लागू शकते म्हणे. म्हणजे फिरून तिथंच.

२० मे, मंगळवार
ताईचा फोन. "स्लीव्ह करून राहिली म्हणं?"
"हाव."
"कर. पण जाळतेत गं तिला. माझी निदान घरात हाय."
मग दाजींनी फोन घेतला, बाहेर जाऊन बोलले. आता दोनच घास खाती, बाकीचं सगळं बाजूला काढती. गोळ्या बंद केल्यात. केस मूठ मूठ जाऊन राहिलेत, चक्कर येती. मी ओरडलेच, आजच डॉक्टरकडं न्या. उद्या नेतो म्हणाले.
तिनं मला हे सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. तिची कंबर बघत बसले होते.

२१ मे, बुधवार
ताईला ॲडमिट केलंय. रक्त फार कमी. सलाईन चालू आहे. फोनवर म्हणाली, "मला लावलंय. तिला काय?"

२४ मे, शनिवार
परवा ऑपरेशन. फॉर्म समोर आहे, ऑपरेशनच्या नावाची जागा कोरी. हे म्हणाले, "मी लिहितो." नको म्हटलं. डोकं बायपास म्हणतंय. भीती वाटते, साधी सरळ भीती.
दुपारी वाटीतलं वरणाचं पाणी पिऊन झालं आणि बघते तर ताटलीच्या कडेला चमचाभर बाजूला काढलेलं. मीच काढलं असणार. घरात आम्ही दोघंच, आणि हे समोर जेवत होते.
पुसायला फडकं घेतलं. तेवढ्यात पोटात गुरगुरलं. लांब, खालून वर.
उपाशी आहे, होणारच. आणि माझं अजून काही कापलेलंसुद्धा नाही.
फडकं परत ठेवलं. चमचाभर पाणी तिथंच आहे. फॉर्मही.