चार गाण्यांच्या रेकॉर्डवर दोनच गाणी

लंडन, नोव्हेंबर १९६७

प्रिय आई,

आम्ही दोघे भाऊ ठणठणीत आहोत. क्लाइव्ह मफलर घालतो, काळजी करू नकोस. बाबांचा खोकला कसा आहे?

आमच्या रेकॉर्डबद्दल शेजारीपाजारी एवढ्यात बोलू नकोस. आमच्या बँडचा नियम तुला ठाऊक आहेच, आम्ही चौघं आणि प्रत्येकाचं एकेक गाणं. पण काल कंपनीचे साहेब म्हणाले, "पोरांनो, चार गाण्यांची ई.पी. आता घेतं कोण? लोक दोन गाण्यांची घेतात, नाहीतर थेट मोठी. दोनच द्या. आणि फोटोचं कव्हर विसरा, साधी कागदी पिशवी मिळेल." असा संताप आला म्हणून सांगू!

जेराल्डचं गाणं ठरलं. ट्रेव्हर आपणहून मागे सरला. आता उरली दुसरी बाजू. तिथे माझं गाणं की क्लाइव्हचं?

"तू थोरला, तूच ठरव," एवढं म्हणून त्याने जे तोंड मिटलंय ते मिटलंयच. जेवतो मात्र नीट.

सुटीत तू आमची दोन्ही गाणी ऐकलीस. कुठलं जास्त आवडलं, ते उत्तरात लिहू नकोस. पोस्टमन आला की खाली धावतो तो क्लाइव्हच.

तुझ्या दोघांतला थोरला,
डेस्मंड