चव्वेचाळिसावं नाव

गाव, १० मे १९९२
ति. द्रानेताईस,
धाकट्या प्रेंकाचा सा. न. वि. वि.

पंचवीस वर्षं सरकारी धान्याचं कोठार झालेल्या आपल्या चर्चमध्ये पुन्हा घंटा वाजते. डाळिंबं फुललीत. शाळेत मी शिकवलेल्या कविता आपसूक ओठांवर येतात.

पण डोकं तापलंय. नवा इटालियन पाद्री म्हणतो, सरकारने देवाधर्मावर बंदी घातली त्या काळात घरात झालेले बाप्तिस्मे कशावरून खरे? नोंद नाही, साक्ष नाही, सगळ्यांचे पुन्हा करू. तू जीव मुठीत धरून, स्वयंपाकघराचं दार लावून त्रेचाळीस पोरांच्या डोक्यावर पाणी घातलंस, ते काय भांडी विसळायचं होतं? दुभाष्याला मध्ये घेऊन तोंडावर विचारलं मी त्याला. तर म्हणाला, ताईंनाच साक्षीला आणा. ये आणि नावं सांग.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
प्रेंक

श्कोदर, १६ मे
चि. प्रेंकास,
आशीर्वाद मागाहून. आधी ऐक.

त्रेचाळीस नव्हे, चव्वेचाळीस. चव्वेचाळिसावा तुझाच लेक. तुला लाकडं आणायला पिटाळलं आणि उरकून घेतलं. मला गावात दोघांचीच भीती होती, पोलिसाची आणि मास्तराची. मास्तर तू.

ईस्टर झाला की वर्गात वसंताची कविता म्हणवून घ्यायचास, मग विचारायचास, घरी लाल अंडं कोणी कोणी खाल्लं? खाल्लं म्हणजे त्या घराने चोरून सण पाळला. तोमाच्या सहा वर्षांच्या मुलीने, आगेने, हात वर केला. तेवढ्यावरून पकडलेला तोमा खाणीतल्या सक्तमजुरीच्या छावणीतून परतला नाही. वरून हुकूम होता म्हणशील. होता. पण तो गोड आवाज तुझा होता रे!

आधी चर्चमध्ये उभा राहून हे सांग. तोवर नावं माझ्यापाशीच.

तरीही तुझीच,
ताई

गाव, २५ मे
ति. ताईस,
सा. न.

काल उभा राहिलो. सगळं सांगितलं. आगे उठली, दोन्ही मुलांना घेऊन दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, त्या वर्षी आमच्या घरी अंडं नव्हतंच. मास्तर इतक्या मायेने विचारतायत म्हणजे हात वर करणाऱ्याला देतील, असं वाटलं होतं.

काल दुभाष्या नव्हता, पाद्र्याला आपली भाषा कळली नाही. त्याने हसून माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो मी झिडकारला.

ये, ताई. त्या त्रेचाळीस जणांसाठी ये. लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. माझ्या लेकाचं नाव मात्र सर्वांत शेवटी घे, आगेसमोर घे.

प्रेंक