मोडलेल्या जबड्याचे श्रेय शेवाळाला दिल्याबाबत

प्रति,
मा. मुख्य वैद्यकीय अधिकारी,
कामगार दवाखाना, जहाजदुरुस्ती गोदी.

विषय : शेवाळाने कोलेस्टेरॉल उतरल्याचा अहवाल दुरुस्त करून मिळणेबाबत.
संदर्भ : दवाखान्याबाहेर काचेत लावलेला आपला अहवाल.

महोदय,

आपल्या शेवाळाच्या प्रयोगातून माझ्या थोरल्या दिरांना मोठ्या क्रेनची खुर्ची परत मिळायची होती. कोलेस्टेरॉल उतरेपर्यंत वर चढायचे नाही, असे आपणच त्यांना बजावले होते. खुर्चीवर डोळा माझ्या यजमानांचाही होता. पण या धाकट्या भावाचे रक्तही तसलेच निघाले, म्हणून दोघे प्रयोगात.

१. निम्म्यांना शेवाळाच्या गोळ्या, निम्म्यांना हिरव्या रंगाच्या पिठाच्या. कोणाला काय, हे आपण सांगितले नाहीत. कामगारांनी नाकानेच निकाल लावला : वास मारतो तो डबा खरा. दिरांचा डबा वास मारत होता, आमचा नव्हता. यजमानांनी डबे बदलले.

२. दिरांना कळायला एक गोळी पुरली. ते पाना घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आले. "थुंक! आधी माझी गोळी थुंक!" यजमान ती गालात धरून हसले. एका घावात जबडा मोडला, चार दात ओट्यावर पडले. गोळी मात्र त्यांनी गिळली. माणूस हट्टी आहे.

३. जबडा आपल्याच दवाखान्यात तारेने बांधला, तेव्हा डब्यांची अदलाबदल कळून आपण वहीत यजमानांच्या नावापुढे शेवाळ लिहिलेत. सहा आठवडे नळीने पातळ सूप. तळण, मटण, लोणी बंद. माणूस निम्मा झाला, मग कोलेस्टेरॉल काय वर राहणार? दीर ओशाळून रोज येत, भावाची मान धरून नळी तोंडात देत. असे भांडण मिटत आले असता आपण "शेवाळाचा उल्लेखनीय परिणाम" असे छापलेत आणि खुर्ची यजमानांना दिलीत. जबड्याबद्दल अवाक्षर नाही.

४. दिरांनी ते वाचले. काल आमचे दार फोडले. "माझं औषध खाऊन माझ्याच खुर्चीवर बसतोस? पोट फाडून काढतो!" मी मध्ये पडले, पान्याने माझे मनगट मोडले, हा अर्ज डाव्या हाताने लिहीत आहे. अखेर त्यांच्यामागून धावत आलेल्या जाऊबाईंनी आमच्या शेगडीवरच्या पातेल्यातले उकळते पाणी नवऱ्याच्या पाठीवर ओतले. ही बाई एरवी झुरळ दिसले तरी मला हाक मारते.

दीर आपल्याच वॉर्डात पालथे पडून आहेत. "बरा झालो की पुन्हा येतो," असा त्यांचा निरोप आहे. तरी ते उठण्यापूर्वी काचेत खरे कारण लावावे : तार आणि सूप.

मिळकत पाहता, शेवाळाला नाव, आपल्याला अहवाल, यजमानांना खुर्ची. भरणा पाहता, यजमानांचे दात, माझे मनगट, दिरांची पाठ. आणि जाऊबाई, ज्यांना गोळीही नको होती आणि खुर्चीही, त्या पोलीस कोठडीत आहेत.

उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र
(डाव्या हाताची सही)
क्रेनचालकाची पत्नी
दिनांक : १४ मार्च