पट्टीवरचं नाव

साजगाव

प्रिय ऋतिका,

फोनच करणार होते. तुझा जुना नंबर लागत नाही, आणि लागला असता तरी मी इकडचं तिकडचं बोलून ठेवून दिला असता. म्हणून पत्र. पत्ता तुमच्या थर्मासच्या बुडाशी आहे, तुझ्या यजमानांनी, साईनाथभाऊंनी ऑइलपेंटने लिहिलेला, भिवपुरीच्या क्वार्टरच्या नंबरासकट. पाच वर्षं तो थर्मास माझ्याकडे आहे. परत करायचा राहिला असं म्हणणार नाही. मी केला नाही.

हुजैफा बरा आहे. जाड भिंगांचा चष्मा लागलाय, टाचा अजून नीट टेकत नाहीत, व्यायाम चालू आहे. बोलायला उशिरा लागला, आता तोंड मिटत नाही. अकराशे ग्रॅमचं पोर होतं ते, नळीतून दोन-दोन मिली दूध जायचं. मी सगळं वेळच्या वेळी करते. औषध, व्यायाम, डबा. शेजारणी म्हणतात, आई असावी तर बिलकिससारखी. मला त्याचं बरंही वाटत नाही आणि वाईटही. त्या दवाखान्यात काहीतरी वाटायचं बंद झालं, ते अजून बंदच आहे. झहीर म्हणतो डॉक्टरला दाखवू. मी बघू म्हणते.

ती दूध काढायची खोली आठवते? आपण पाच-सहा जणी भिंतीकडे तोंड करून बसायचो, मांडीवर स्टीलची वाटी. माझ्या वाटीचं नुसतं बूड ओलं व्हायचं. सासूबाई घरून अळिवाचे लाडू, खारीक, शेवग्याच्या पाल्याची भाजी पाठवायच्या आणि रोज विचारायच्या, आज किती आलं? तिसऱ्या दिवशी तू दुसरी वाटी भरलीस आणि काही न बोलता माझ्याकडे सरकवलीस. मी चिकटपट्टीवर माझं नाव लिहिलं, वाटीला लावली आणि सिस्टरला दिली. सासूबाईंना सांगितलं, दूध आलं. त्या लाडवांचं इतकं नाव झालं की आजही गल्लीत कुणी बाळंत झालं की पहिला डबा आमच्याकडून जातो.

बाराव्या दिवशी तुझी मुलगी गेली. तिची काचेची पेटी हुजैफाच्या पेटीला लागून होती. मी त्याला छातीशी बांधून बसले होते आणि तशीच बसून राहिले. तुला दूध बंद व्हायच्या गोळ्या दिल्या, त्या तू घेतल्या नाहीस. दोन दिवसांनी गेटवर साईनाथभाऊ मोटारसायकल लावून उभे होते. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात बाटली. सोळा दिवस ते आले. मी बाटली घ्यायचे आणि वर जाऊन माझ्या नावाची पट्टी लावायचे. सोळाव्या दिवशी म्हणाले, आटलं आता, हे शेवटचं. मी बरं म्हटलं आणि थर्मास घेऊनच जिना चढले. तुझी चौकशी केली नाही, आभारही मानले नाहीत. त्याची मला लाज वाटते, ऋतिका. एवढं एकच वाटतं.

गेल्या आठवड्यात हर्षला नावाची मुलगी घरी आली होती. दिवस भरायच्या आधी झालेल्या मुलांचं पुढे कसं चाललंय, ते फॉर्मवर लिहून घेत होती. झोपतो का, खेळताना दमतो का, खुशीत असतो का. मग विचारलं, आईचं दूध मिळालं का? सासूबाईंनीच सांगून टाकलं, पहिल्यापासून, माझे लाडू खाऊन. हर्षला लिहू लागली आणि लिहिता लिहिता म्हणाली, आणि तुम्ही कशा आहात? मी सांगितलं, मला दूध आलंच नव्हतं. मग बाकीचं सगळं सांगितलं.

आमच्यात मूल पाच वेळा एखाद्या बाईचं पोटभर दूध प्यालं की ती त्याची आई होते, तिची मुलं त्याची भावंडं. दुसऱ्या धर्माच्या घराशी असं नातं जोडलं, तेही लपवून, म्हणून घरात गहजब होईल याच धाकात मी पाच वर्षं काढली. सासूबाईंनी फक्त विचारलं, पाच वेळा तरी प्याला? मी म्हटलं, पाच कसले, कितीतरी दिवस. मग त्या चिडल्या, पण भलत्याच गोष्टीवर. म्हणाल्या, "पोराला दुसरी आय हाय, आन् पाच वर्सं तू तिला एकदा घरी नाय बोलावलीस गं?"

संध्याकाळी त्यांनी हुजैफाला जवळ घेऊन सांगितलं की भिवपुरीला तुझी एक आई आहे, आणि तुला एक बहीण होती. त्याने विचारलं, तिचं नाव काय? सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. पेटीवरच्या पट्टीवर नुसतं 'ऋतिकाची मुलगी' लिहिलेलं असायचं. बारा दिवस मी तिच्या शेजारी बसले आणि तुला कधी विचारलं नाही. तेवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. तुम्ही तिचं नाव ठेवलं होतं का? असेल तर कळव. नसेल तर आता ठेव, तुझ्याशिवाय कोण ठेवणार? हुजैफा रोज शाळेतून आला की विचारतो, आणि मी उद्या सांगते म्हणते.

तुझीच,
बिलकिस