सीटवर बसायला माणूस हवं

१४ नोव्हेंबर

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

तू माझा फोन उचलत नाहीस आणि आत्या प्रत्येक निरोपात पदरचं घालते, म्हणून लिहिते आहे. बेकरीत पहाटेच्या पाळीला तू पायी जातेस, आणि पुन्हा उशीर झाला तर कामावरून काढतील, असं तिच्याकडून कळलं. तुझ्या बाबांची मोपेड तिच्यासोबत पाठवते आहे. परत पाठवू नकोस.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो. जिन्यातला दिवा अखेर दुरुस्त झाला.

आता साखळीबद्दल. रॉकेलने धुऊन, पुसून तेल दिलं आहे. मागच्या चाकाचा नट सैल करून चाक थोडं मागे घेतलं. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवल्या, नाहीतर चाक तिरकं बसतं. साखळी बोटाने थोडी वरखाली हलेल. हलते म्हणून कुणाकडून घट्ट करून घेऊ नकोस. माणूस बसलं की ती आपोआप ताणली जाते. आधीच घट्ट असली तर तुटते.

मला तेल लावताना पाहून आत्या म्हणाली, "अगं, साखळीला एवढं तेल घालतेस, थेंबभर जिभेलाही लाव." मी तिला फडकं धुवायला पिटाळलं.

साखळी झिजलेली दिसेल. उभ्या गाडीची साखळी झिजत नाही, हे तुला बाबांनी शिकवलं आहे, तेव्हा सांगून टाकते. मी अधूनमधून तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत येत होते. गॅलरीत तुझे कपडे वाळत दिसले की वळायचे. "गाडी घरात राहणाऱ्यालाच मिळेल" असं तू घर सोडलंस तेव्हा मी म्हणाले होते. त्यावर इथे जास्त लिहीत नाही.

एक काम राहिलं आहे. बाबा तुला सीटवर बसवून साखळी तपासायचे. मी आत्याला बसवलं. पण तिच्या वजनावरून तुझा अंदाज कसा यायचा? सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन ये. तू बस, मी खाली वाकून बघेन. गुडघ्याचं मी बघून घेईन.

तुझी,
आई

आत्याच्या हाती दिलं: मोपेड, पाना, तेलाची कुपी, बाबांचं हेल्मेट (आतली गादी नवी घातली आहे), किल्ल्यांचा जुडगा. त्यात घराच्या दाराची किल्ली आहे. ती चुकून राहिलेली नाही.