मंदाला दिलेली वही

मंगळवार, १४ नोव्हेंबर १९९५

ऑफिसातलं कॉम्प्युटरचं टेबल मंदाला मिळालं. ठाण्याला सहा महिने क्लासला मी गेले आणि टेबल तिला! खारबावसारख्या खेड्यातली मुलगी, शिकली कशावर, तर कापडाच्या ताक्यातल्या पुठ्ठ्यावर. त्यावर पेनानं कीबोर्ड काढून डबा खाल्ल्यावर बोटं आपटत बसायची. मी हसायचे. स्प्रेडशीटची माझी क्लासची वही मीच दिली तिला. दया आली म्हणून? छे. खरं लिहायचं तर मिरवायला दिली.

आज शेठनी दोघींना गोदामातल्या ताक्यांचा तक्ता करायला लावला. मग म्हणाले, एका ताक्याचे मीटर बदला. तिची खालची बेरीज आपोआप बदलली. माझी ढिम्म. मी ती कॅल्क्युलेटरवर करून, दोनदा तपासून, टाइप केली होती ना! मशीनवर भरवसा कसा ठेवायचा?

शेठ म्हणाले, "मंदा, कल से ये टेबल तुझं."

वर ती मला म्हणते कशी, "ताई, तुमची वही नसती तर मना काय जमलं नसतं." मी गोड हसले. आत नुसती आग.

वही परत दिली तिनं, वर्तमानपत्राचं कव्हर घालून. कव्हरसुद्धा किती नीट!

आत्ता चहा घेताना उघडली. पानोपानी तिच्या पेन्सिलीच्या खुणा. आणि एका पानावर लाल शाईत, खाली दोन रेघा मारून लिहिलेलं: 'बेरीज हाताने टाकू नये, सूत्र द्यावे.'

अक्षर माझंच. किती सुरेख.