मंगळवारची चव

नाशिक
गुरुवार, १० एप्रिल २०२५
दुपारचे साडेतीन

सिंधुमावशींना प्रतिभाचा मनापासून जय भीम.

माझं अक्षर ओळखून लगेच फाडू नका. आधी वाचा. तुम्हांला घरी बसवल्याला दोन महिने झाले, एवढ्या दिवसांत मी साधी विचारपूस केली नाही, आणि आता कुठल्या तोंडानं लिहितेय असं तुम्ही म्हणणार. म्हणा. गोजराबाई काम आटपून सहाच्या बसनं देवळाली कॅम्पात घरी जाते, तिच्या हाती देतेय. आत काय आहे ते तिला माहीत नाही.

तब्येत बरी असेल. हाताची खाज थांबली का? समर्थची दहावी संपली, आता दिवसभर मोबाईल घेऊन लोळतो. त्याचे बाबा आहेत तसेच, तोंडात तंबाखू आणि डोक्यात काही नाही. शेठच्या किचनमध्ये पत्र्याखाली अंगाची नुसती लाही होते. तुमच्या कॉलनीत चौदा तारखेची तयारी सुरू झाली असेल. गेल्या जयंतीला तुम्ही सगळ्यांना खीर आणली होती, गोटीरामनं तीन वाट्या खाल्ल्या होत्या.

बघा, कुठल्या कुठं चाललेय. लिहायचंय ते हाताला लिहवत नाही.

पेपरात वाचलंच असेल तुम्ही. मंगळवारी दुपारी आपल्याकडून मुलींच्या होस्टेलला जेवण गेलं आणि चार वाजल्यापासून उलट्या सुरू झाल्या. एकशेचाळीस मुलींमधल्या त्रेपन्न. बाकीच्या सलाईन लावून परत आल्या, तिघी अजून दवाखान्यात आहेत. त्यातली एक स्नेहा म्हणून आहे, नामपूरची. तिची लघवी बंद झालीय. डॉक्टर म्हणतात, किडनीवर आलंय, आत्ता काही सांगता येत नाही.

काल मी तिला बघायला गेले. तोंडाला ओढणी गुंडाळून, चोरासारखी. ती डोळे मिटून पडली होती. शेजारी तिची मैत्रीण होती, ती म्हणाली, "वरण आंबट लागत होतं ओ, पण आम्हांला वाटलं चिंच जास्त पडली." बाहेर बाकावर स्नेहाचा बाप. त्याला वाटलं मी होस्टेलची मॅडम. उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "ताई, मनी पोर वाची ना?"

मी 'हो, वाचेल तुमची पोर' म्हणाले आणि जिन्यावरून पळत सुटले. 

वरण सोमवारचं होतं, मावशी. म्हणजे डाळ सोमवारची. मंगळवारी पहाटे गॅस येतो की नाही याचा भरवसा नव्हता, म्हणून गोटीरामनं संध्याकाळीच डाळ शिजवून ठेवली. फ्रीजमध्ये जागा नव्हती. एप्रिलचा उकाडा, झाकण घट्ट लावलेलं पातेलं, रात्रभर ओट्यावर. सकाळी त्यानं वरून चिंचगूळ आणि लसणाची झणझणीत फोडणी घातली. वास असा सुटला की बाहेर टेम्पोवाला म्हणाला, आज काय विशेष?

आणि चव कुणी बघितली म्हणाल, तर कुणीच नाही. मंगळवार होता ना! माझा देवीचा उपास. त्यात हा गडावरच्या यात्रेचा आठवडा, म्हणून गोटीरामलाही उपास, गोजराबाईलाही उपास. अख्ख्या किचननं वेगळ्या कढईत साबुदाणा केला, तो खाल्ला, आणि एकशेचाळीस पोरींचं जेवण कुणी जिभेला न लावता गाडीत चढवलं. देवीनं तरी सांगितलं होतं का, माझ्यासाठी पोरींना आंबलेलं घाला म्हणून?

पूर्वी मंगळवारी तुम्ही असायच्या. "मला कुठला आलाय उपास! आण ती वाटी इकडं," असं म्हणून वेगळ्या चमच्यानं चव घ्यायच्या, डोळे मिटून क्षणभर थांबायच्या, आणि मग रजिस्टरात 'सिं' लिहून भोवती गोल काढायच्या. एकदा तुम्ही अख्खं पातेलं मोरीत ओतायला लावलं होतं. शेठ केवढे तापले होते! तुम्ही म्हणालात, "तापू दे. तो ताप उतरंल, पोरींचा नाय उतरायचा."

एक चमचा, मावशी. एक चमचा जिभेवर ठेवला असता तर मला कळलं असतं.

तुम्ही गेल्यापासून मंगळवारी दोन्ही रकान्यांत मीच सह्या ठोकतेय, चव बघणारीच्याही आणि सुपरवायझरच्याही. कुणाला काय कळतं, असं वाटायचं. तुम्हांला कळलं होतं. इतर वारीही मी कधीमधी न बघताच सही करायचे, ते तुम्ही हेरलं होतं. म्हणून तर जानेवारीत अन्नसुरक्षेच्या ट्रेनिंगला त्या सरांनी विचारलं, चव कशी घ्यायची, तेव्हा तुम्ही उठून म्हणालात, "येगळ्या चमच्यानं, येगळ्या वाटीत आन् जिभेनं. पेनानं नाय." सगळा हॉल हसला. शेजारी बसून माझे कान तापले. त्यात परीक्षेत तुम्हांला मार्क माझ्यापेक्षा चार जास्त! आठवी शिकलेली बाई, आणि मी बारावी.

आता पुढचं लिहिते. पाणी पिऊन आले.

तुमच्या हाताला आलेलं पुरळ भांड्यांच्या सोड्यानं आलेलं होतं. मला माहीत होतं. मीच तर तुम्हांला खोबरेल तेल आणून दिलं होतं. आणि मीच शेठना जाऊन सांगितलं की सिंधुबाईंच्या हाताला काहीतरी लागणीचं झालंय, ट्रेनिंगमध्ये शिकवलंय, अशा माणसाला अन्नाला हात लावू द्यायचा नाही. शिकवलेलं खरंच होतं, म्हणून माझं खोटं कुणाला खोटं वाटलं नाही. शेठ म्हणाले, डॉक्टरचा दाखला आण. तुम्ही आणलात. तो दाखला माझ्या कपाटात आहे, शेठपर्यंत मी पोचवलाच नाही. भिंतीवर आता माझं एकटीचं सर्टिफिकेट आहे, फ्रेम करून. त्याच्याकडं बघवत नाही.

एवढं वाचून तुम्ही शिव्या घातल्या असतील. थांबा, अजून आहे. खरं तर त्याच्यासाठीच बसलेय लिहायला.

काल अन्नखात्याचे साहेब आले. वरणाच्या नमुन्याची बाटली घेऊन गेले. रजिस्टर मागितलं, तर शेठ म्हणाले, ऑफिसात आहे, शुक्रवारी अकराला दाखवतो. ऑफिसात कुठलं, माझ्या कपाटातच होतं. मंगळवारी टेम्पो हॉर्न वाजवत होता म्हणून मी घाईत फक्त सुपरवायझरची सही केली होती. चव बघणारीचा रकाना रिकामाच राहिला. साहेब गेल्यावर शेठनं ते पान उघडलं आणि म्हणाले, "सिंधुबाईचं नाव अजून हजेरीत आहे. सर्टिफिकेट आहे तिच्याकडं. इथं तिची खूण टाक, हजेरीचं मी बघतो. म्हातारी बाई, तिला कोण आत टाकणार आहे? तू आत गेलीस तर तुझ्या पोराचं काय?"

मी नाही म्हटलं असेल असं तुम्हांला वाटतंय ना?

मी टाकली, मावशी. 'सिं' लिहिलं आणि भोवती गोल काढला. तुमचा गोल हात न उचलता एका दमात यायचा, माझा दोन ठिकाणी तुटला. घरी आल्यावर यांना सांगितलं तर म्हणाले, बरं झालं, सुटलीस. सुटले कसली! दारात गाडी थांबली की आधी खिडकीच्या फटीतून बघते. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. फोन वाजला की वाटतं, स्नेहा गेली म्हणून सांगतील. आज सकाळी भाजी चिरताना बोट कापलं आणि रक्त बघून मला आधी काय आठवलं असेल? बोट कापलं तर पट्टी, पट्टीवर हातमोजा. ट्रेनिंगमधलं सगळं पाठ आहे मला.

गोजराबाईच्या बोलण्यात आलं की मंगळवारी तुम्ही विंचूरला लेकीकडं होतात. बसचं तिकीट असेल तर शोधा. लेकीला सोबत घ्या. तुमच्या डॉक्टरच्या दाखल्याचा कागद या पाकिटात घातलाय.

आणि हे पत्र जपा. फोनवर बोलले असते तर उद्या मी म्हणू शकले असते की मी बोललेच नाही. म्हणून कागद. अक्षर माझं आहे, किचनच्या प्रत्येक रजिस्टरात ते सापडेल, ताडून बघता येईल.

उद्या अकरा वाजता साहेब किचनवर आले की मी खरं सांगणार आहे. आत्ता तरी ठरवलंय. पण मी मला ओळखते. शेठ समोर उभे राहतील, मला समर्थ आठवेल आणि माझी दातखीळ बसेल. तुम्ही या. मला सांभाळायला नका येऊ, तेवढा माझा हक्क उरला नाही. दारात नुसत्या उभ्या राहा. मी बोलले तर ऐका. नाही बोलले तर हे पत्र साहेबांच्या हातात द्या आणि माझ्याकडं बघू नका.

सव्वापाच झाले. गोजराबाई पिशवी भरतेय.

हे पत्र मी स्वतः लिहिलं, पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं, आणि मग खाली सही केली.

प्रतिभा भिकन खैरनार